कोणाक जाय? (कोणाला हवंय?) : मोठ्या माणसाने कार्टूनच्या वस्तू दुकानात जाऊन कशा घ्यायच्या

तिशी-चाळिशीत अचानक डोरेमॉनचं कीचेन, शिनचॅनचा मग नाहीतर पिकाचूचं सॉफ्ट टॉय घ्यावंसं वाटतंय, पण दुकानाच्या दारातून परत फिरताय, अशा नवख्या लोकांसाठी हे लिहितोय. ऑनलाइन मागवणाऱ्यांना याची गरज नाही, कुरिअरवाला खोक्यात काय आहे ते विचारत नाही. प्रश्न आहे दुकानात जाऊन घेण्याचा, आणि तोही गोव्यातल्या दुकानात, जिथे काउंटरवरचा माणूस तुमच्या वडिलांना नावाने ओळखतो, तुमची बहीण कुठे दिलीय हे त्याला ठाऊक असतं आणि तुमचं लग्न अजून का झालं नाही यावर त्याचं स्वतःचं एक मतही असतं.

साठीच्या पुढच्यांनी वाचलं नाही तरी चालेल. आजोबांच्या हातात मिकी माऊस दिसला तर तो नातवाचाच असणार असं सगळे धरून चालतात, त्यांना कोणी काही विचारत नाही, मजा आहे त्यांची.

सुरुवातीला थोडा हिशेब

लाज वाटते ती वस्तूची नसते, आपल्या वयाला हे शोभतं का याची असते. मग वयाचाच हिशेब करू. कार्टून नेटवर्क भारतात आलं १९९५ साली, तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो आता चाळिशीत आहे. छोटा भीम पोगो चॅनलवर सुरू झाला २००८ मध्ये, तो बघत जेवणारी पोरं आता नोकरीला लागून दुचाकीचे हप्ते भरतायत. आमच्या वेळी कार्टून होतं पण वस्तू कुठे होत्या, चिप्सच्या पाकिटातल्या टॅझोच्या चकत्या, वहीवर चिकटवायचे स्टिकर आणि फार तर एक वॉटर बॅग, जिच्यावरचं चित्र गणपतीच्या सुट्टीपर्यंत निघून गेलेलं असायचं. आता वस्तू आहेत आणि पैसे पण आहेत, मग घेणार कोण, आपणच ना.

शिवाय ही सगळी कार्टून्स मुलांचीच असं जे आपण म्हणतो तेही अर्धवटच आहे. टॉम आणि जेरी १९४० मध्ये आले ते सिनेमागृहात, मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला, समोर तिकीट काढून बसलेली मोठी माणसं पण असायची. शिनचॅन तर १९९० मध्ये जपानात छापायला सुरुवात झाली ती मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकात. तिकडे अमेरिकेत २०१० मध्ये माय लिटल पोनीची नवी मालिका आली, लहान मुलींना डोळ्यांसमोर ठेवून केलेली, आणि तिला कॉलेजातले, नोकरीतले पुरुष चाहते एवढे मिळाले की त्यांनी स्वतःला ब्रोनी असं नाव घेतलं. त्यांना पण दुकानातल्या त्या गुलाबी रॅकसमोर उभं राहायला जिवावर यायचं, म्हणजे हा प्रॉब्लेम फक्त फोंड्यातल्या माणसाचा नाही.

आणि आपल्याकडे बघा ना. नरकचतुर्दशीच्या आधी वाड्यावाड्यावर चाळीस-पंचेचाळीसचे बाप्ये रात्र रात्र जागून नरकासुराच्या पुतळ्याला दात लावतात, डोळ्यांत लाइट बसवतात, हात हलतो का बघतात, पहाटे जाळून टाकतात आणि कोणी म्हणत नाही की वय काय तुझं. कार्निव्हलला तोंड रंगवून चित्ररथावर नाचणारे पण पोरंसोरं नसतात. तेव्हा दीडशे रुपयांच्या कीचेनसाठी एवढं घाबरायचं कारण नाही.

पायरी १ : काय घ्यायचं ते घरी ठरवा

दुकानात जाऊन "बघू काय आहे ते" असं केलंत की तुम्ही रॅकसमोर उगाच घुटमळत राहता आणि घुटमळणाऱ्या माणसाकडेच सगळे बघतात. म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: कुठलं कॅरेक्टर, कुठल्या प्रकारची वस्तू आणि किती रुपयांपर्यंत. पहिल्या वेळी रक्कम छोटी ठेवा, म्हणजे नंतर "कशाला घेतलं" असं वाटलंच तरी ते एका वड्या-उसळीच्या पार्टीएवढंच असेल.

सुरुवात उपयोगी वस्तूने करा, कॉफीचा मग, पेन, छत्री वगैरे, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो फारसा पटत नाही. तुम्हाला सॉफ्ट टॉय हवंय आणि तुम्ही कॉफीचा मग घेऊन आलात, तर तो मग कपाटात पडून राहतो आणि सॉफ्ट टॉयची इच्छा जिथल्या तिथे, वरून आपण स्वतःलाच फसवल्यासारखं वाटतं. जे हवंय तेच घ्या, लहान साइझमध्ये घ्या.

कपड्यांचं वेगळं आहे. मुलांच्या विभागात १३-१४ वर्षांचा टी-शर्ट बारीक अंगाच्या माणसाला छातीत बसतो पण उंचीला तोकडा पडतो, हात वर केला की पोट दिसतं. त्यापेक्षा मोठ्यांच्या विभागातच बघा, मिकी, टॉम-जेरी, मार्व्हल असले छापील टी-शर्ट हल्ली सगळ्या मोठ्या कपड्यांच्या दुकानांत असतात आणि तिथे कोणी तुम्हाला काहीही विचारत नाही. ज्यांना फारच संकोच आहे त्यांच्यासाठी हे सगळ्यात सोपं दार.

पायरी २ : दुकान आणि वेळ

मॉलमधलं दुकान, म्हणजे पर्वरीला मॉल दी गोवा किंवा पणजीत काकुलो मॉल असल्या ठिकाणी, सोपं का, तर तिथल्या मुलाला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, तो त्याचं टार्गेट बघत असतो. त्रास एकच, तो मागे मागे फिरतो. त्याला पहिल्याच मिनिटाला सांगा की मी बघतोय, लागलं तर हाक मारतो. तेवढ्याने भागतं.

दुसरा प्रकार म्हणजे गावातलं वही-पुस्तकं-खेळणी असं सगळं एकत्र असलेलं दुकान, म्हापशात, मडगावात, डिचोलीत, काणकोणात, कुठेही. खरा कस इथे लागतो आणि खरी मजा पण इथेच, कारण वरच्या फळीवर धुळीत कधीकाळचा स्टॉक पडलेला असतो. बेन टेनचं घड्याळ, पॉवर पफ गर्ल्सचा कंपास, जे आता कुठे बघायलाही मिळत नाही ते जुन्या एमआरपीत सापडू शकतं. काठीला हूक लावून मालक छतावरून एकेक पाकीट काढून दाखवतो, सगळी धूळ तुमच्या डोक्यावर पडते, पण त्यातनं एखादी अशी वस्तू निघते की बस.

तिसरं म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, आणि जत्रा-फेस्त (फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव). फातर्प्याच्या जत्रेला, ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला खाज्यांच्या रांगेला लागूनच खेळण्यांची फेरी असते. तिथे गर्दीत कोणाचं लक्ष नसतं, सगळेच काही ना काही घेत असतात. माल बहुतेक डुप्लिकेट, ते पुढे सांगतो.

वेळेचं म्हणाल तर दुपारी एकनंतर जाऊ नका, गावातली बरीच दुकानं जेवायला बंद होतात ती साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत, बंद शटरसमोर ताटकळत उभं राहणं ही आणखी एक शोभा. शाळा उघडायच्या आधीचे दिवस पण टाळा, रेनकोट आणि दप्तरांसाठी आयाबाया काउंटरवर तीन-तीन रांगांत असतात, तुमच्या एका कीचेनकडे बघायला मालकाला फुरसत नसते. लाजाळू लोकांसाठी डिसेंबर बेस्ट. नाताळच्या खरेदीत प्रत्येक जण कोणासाठी तरी काहीतरी घेत असतो, त्यात तुम्ही मिसळून जाता.

एक गोष्ट लक्षात ठेवा की तुम्ही त्या दुकानात येणारे पहिले मोठे गिऱ्हाईक नाही. हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्या जमवणारे लोक वर्षानुवर्षं येतात. शर्ट इन केलेला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र असलेला माणूस हुकांवरची एकेक गाडी मागे सारून ट्रेझर हंट, म्हणजे क्वचित मिळणारी गाडी, शोधत असतो, ते मालकाच्या सवयीचं झालेलं आहे. तुमचं तर एका वस्तूत काम होणार.

पायरी ३ : काउंटर

आता मुख्य गोष्ट. तुम्ही वस्तू मागितली की समोरून प्रश्न येतो, "कोणाक जाय?" आणि पाठोपाठ, "भुरगें कितल्या वर्सांचें?" (मूल किती वर्षांचं?)

इथे नवीन माणूस हमखास एकच उत्तर देतो: भाच्याला. हे उत्तर देऊ नका. खोटं बोलणं वाईट वगैरे मी सांगत नाही, गोव्यात ते खपत नाही म्हणून सांगतोय. माझा एक मित्र आहे फोंड्याचा, त्याने एका दुकानात पोकेमॉनची छोटी फिगर मागितली आणि विचारल्यावर म्हणाला भाच्याला. किती वर्षांचा, तर म्हणाला चार. काउंटरवरच्या बाईंनी लगेच ती फिगर बाजूला ठेवली, म्हणाल्या नको, याचे तुकडे निघतात, पोर तोंडात घालेल, आणि एक भला मोठा पिवळा प्लॅस्टिकचा ट्रक काढून दिला. बाईंचं बरोबरच होतं. हा बिचारा नाही म्हणू शकेना. ट्रकचे पैसे दिले, वरून त्यांनी आपुलकीने चकचकीत कागदात बांधून, रिबन लावून दिला. आणि त्याच आठवड्यात बाजारात त्या बाईंना त्याची आई भेटली. "नातवाक ट्रक आवडलो?" आईला मुलगी एकच आणि तिचं लग्न व्हायचंय. पुढचं तुम्हीच समजा. त्या घरात नंतर जी चौकशी झाली त्यापुढे "मला पोकेमॉन आवडतो" हे सांगणं केवढं तरी सोपं होतं.

म्हणून उत्तर छोटं द्या: "म्हाकाच जाय." मराठीत बोलत असाल तर "मलाच हवंय." बास. याच्यापुढे कारण द्यायचं नाही, "लहानपणी बघायचो ना म्हणून", "ऑफिसच्या टेबलावर ठेवायला" असलं काही जोडायचं नाही, कारण जेवढं जास्त बोलाल तेवढं समोरच्याला वाटतं की यात काहीतरी सांगण्यासारखं आहे. मलाच हवंय म्हटल्यावर मालक एक क्षण बघतो आणि मग जे विचारतो ते मी जवळजवळ सगळीकडे तेच ऐकलंय, "व्हड जाय काय ल्हान?" (मोठं हवंय की लहान?) तो दुकानदार आहे हो. त्याला माल खपवायचाय, तुमच्या आत्म्याचं परीक्षण करायला तो बसलेला नाही.

कधी कोणी हसतो. हसू दे. तुम्ही पण हसा आणि लगेच वस्तूबद्दल विचारा, यात निळा आहे का, याची जोडी येते का, नवीन माल कधी येणार. वस्तूवर बोलणं गेलं की तुमच्यावरचं आपोआप सरतं. दुकानात ओळखीचं कोणी निघालं, शेजारच्या काकू नाहीतर ऑफिसातले सर, तर पिशवी मागे लपवू नका, आधी तुम्हीच बोला: "काकू, हा बघा, केवढा गोड आहे." काकू बहुतेक वेळा तो हातात घेऊन बघतात आणि किती रुपये पडले ते विचारतात, आणि महाग पडला म्हणतात. विषय संपला.

पुरुषांना गुलाबी वस्तू घेताना जास्त जड जातं, हॅलो किटी नाहीतर पोनी हातात असली की मान आपोआप खाली जाते. बायकांचं बरोबर उलटं, त्यांनी टेडी घेतला तर कोणी काही म्हणत नाही पण ट्रान्सफॉर्मरचा रोबो घेतला की "मुलाला का?" ठरलेलं. दोघांनाही उत्तर एकच आणि ते वर दिलंय. हॅलो किटी १९७४ मध्ये आली, म्हणजे ती बऱ्याच गिऱ्हाइकांपेक्षा वयाने मोठी आहे, तिच्यापुढे आपण कसले थोर.

काहींना काउंटरवर लाज नाही वाटत तर भलतंच काहीतरी होतं, घशात आवंढा येतो. ही वस्तू आठवीत हवी होती, तेव्हा घरी सांगायची सोय नव्हती, आणि आता समोर आहे आणि खिशात पैसे आहेत. असं होतं, त्यात लाजायचं काही नाही, फक्त त्या भरात सगळा रॅक उचलू नका. आठवीतला हट्ट एका वस्तूने भागला नाही तर दहांनी पण भागत नाही, घरात जागा मात्र जाते. एक घ्या, घरी न्या, महिनाभर बघा.

पायरी ४ : वस्तू नीट तपासा

लाजेच्या भरात माणूस वस्तू न बघताच पैसे देऊन बाहेर पडतो आणि मग घरी येऊन कळतं की डोरेमॉनला कान आहेत. डोरेमॉनला कान नसतात, उंदरांनी खाल्ले ही त्याची गोष्टच आहे. तेव्हा उजेडात धरा आणि बघा. दोन्ही बाजूंना मिशीचे तीन-तीन केस, गळ्यात लाल पट्टा, पिवळी घंटा, पोटावर अर्धगोल खिसा, मागे छोटी शेपूट आणि तिला लाल गोळा. हाताला बोटं नाहीत, नुसते पांढरे गोळे. स्वस्त नकलेत घंटा स्टिकरची असते, बुबुळं एक इकडे एक तिकडे आणि बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवलं तर प्लॅस्टिकची कड लागते.

पिकाचूचं तर जास्तच. त्याच्या शेपटीचं टोक काळं असतं असं खूप जणांना पक्कं आठवतं, डुप्लिकेट बनवणाऱ्यांना पण. काळी असतात ती कानांची टोकं, शेपूट विजेसारखी वाकडी, पिवळी आणि बुडाशी तपकिरी. काळ्या टोकाची शेपूट दिसली तर समजून जा.

आता पाकीट. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, १४ वर्षांखालच्या मुलांसाठीची खेळणी असतील तर. मार्कच्या खाली सीएम/एल लिहून नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघता येतो की लायसन्स कोणाच्या नावावर आहे. परदेशातून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला ते, महिना-वर्ष आणि सगळे कर धरून एमआरपी हे पाकिटावर छापलेलं किंवा स्टिकरवर असायलाच हवं. एमआरपीच्या वर एक रुपया पण देऊ नका, इंपोर्टेड आहे म्हणून जास्त असं कोणी म्हणालं तरी नाही. आणि कॅरेक्टरच्या मालकाचं नाव, म्हणजे गोल सी च्या चिन्हापुढे कंपनीचं नाव, ते बारीक अक्षरात कुठेतरी सापडलं पाहिजे. नावाचं स्पेलिंग पण वाचा. पोकेमॉनच्या जागी भलतंच काहीतरी लिहिलेलं मी म्हापशाच्या बाजारात बरंच बघितलंय.

पाकिटावरचं वय हा एक गमतीचा विषय. ३+ लिहिलेलं असतं ते बघून नवीन माणूस आणखीनच ओशाळतो, की हे तिसऱ्या वर्षाचं आणि मी छत्तीसचा. अहो ते खालचं वय आहे. बारीक तुकडे गिळले जाऊ नयेत म्हणून तीनच्या आतल्या मुलांना देऊ नका एवढाच त्याचा अर्थ, वरची मर्यादा कोणी घातलेलीच नाही. जपानी कंपन्यांच्या जमवायच्या फिगरवर तर १५+ छापलेलं असतं. घरी कोणी बोललंच तर ते पाकीट समोर धरा, म्हणा बघ, लहान मुलांना देऊच नका म्हणतायत.

जत्रेतल्या डुप्लिकेटबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. चाहत्यांमध्ये त्याला नावं ठेवतात, मला तो हिरवट डोरेमॉन आणि लांब नाकाचा भीम आवडतो, त्याचा स्वतःचा एक चेहरा असतो जो कुठल्याच कंपनीने काढलेला नाही. फक्त त्याला खऱ्याचे पैसे देऊ नका, घासाघीस करा, आणि उग्र वास येत असेल तर तिथेच ठेवा. आणि असली वस्तू घरातल्या पोरांच्या हाती पडेल अशी ठेवू नका, रंगात काय घातलंय ते कोण सांगणार.

आंधळी पाकिटं, म्हणजे आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही ती, यांच्यापासून नवीन माणसाने जरा लांबच राहावं. पोनीच्या पाकिटांवर मागे बारीक नंबर असायचे आणि अमेरिकेतल्या चाहत्यांनी ते नंबर जुळवून कुठल्यात काय आहे ते शोधून काढलं होतं, पण आपल्याकडे काउंटरवर उभं राहून पाकिटं दाबून दाबून बघणारा मोठा माणूस हे दृश्य काही चांगलं दिसत नाही, मालकाला तर अजिबात आवडत नाही. घ्यायचं तर एक उचला आणि नशिबात येईल ते घ्या.

पायरी ५ : दुकानातली मुलं

हे थोडक्यात पण महत्त्वाचं. शेवटचा एकच नग असेल आणि शेजारी एखादं मूल त्याच्याकडे बघत उभं असेल तर तो त्या मुलाचा. तुमच्या हातात आधी आला असला तरी. तुम्ही मालकाला नंबर देऊन पुढच्या मालात मागवू शकता, त्या पोराची आई परत कधी दुकानात आणेल त्याचा नेम नाही. याला अपवाद एकच, जुन्या स्टॉकमधली वस्तू, जी मुलांना ओळखू पण येत नाही. २००६ च्या कॅरेक्टरसाठी आजचं पोर रडत नाही, तुम्ही रडाल.

खेळण्यांच्या रांगेत उभं राहून फोटो काढायचे असतील तर मुलं फ्रेममध्ये नाहीत हे बघा आणि मालकाला विचारून काढा. अनोळखी मुलाशी आपण होऊन गप्पा मारायला जाऊ नका, त्याच्या आईबाबांनी बोलणं काढलं तर बोला. यात तुमच्यावर संशय आहे असं नाही, पण आईच्या जागी उभं राहून विचार केला की कळतं.

पायरी ६ : बिल, आणि मग घर

बिल मागा, छोट्या दुकानात पण. बॅटरीवर चालणारं किंवा आवाज करणारं असेल तर तिथेच चालू करून बघा, हो, त्या शांत दुकानात ते मोठ्याने गाणं म्हणेल आणि सगळे वळून बघतील, तरी पण बघा, कारण घरी जाऊन नाही वाजलं तर बदलून आणायला परत त्याच काउंटरवर जायचंय. "गिफ्ट पॅक करू?" असं विचारतील, नको म्हणा. खोकं चेपलेलं नाही ना बघा, पुढेमागे कोणाला द्यायचं झालं तर चाहत्यांमध्ये खोक्यासकट वस्तूला मान जास्त.

घरी आणल्यावर लपवाछपवी करू नका, कपाटात कपड्यांखाली ठेवलेली वस्तू आईला सापडते ती सापडतेच. उघड्यावर ठेवा, शोकेसमध्ये गणपतीच्या बक्षिसांच्या आणि लग्नातल्या आहेराच्या घड्याळाच्या शेजारी. दोन-चार दिवस बोलतील. बाबा म्हणतील पैसे जास्त झालेत वाटतं. मग पाहुणे येतील, त्यांचं पोर ते बघून हात पुढे करेल, आणि इथे ठाम राहायला लागतं, कारण घरचे लगेच म्हणतात दे ना त्याला, लहान आहे. यासाठी जत्रेतली एक-दोन स्वस्तातली खेळणी वेगळी काढून ठेवा, ती द्या. चांगली वस्तू वरच्या फळीवर.

लग्न झालेलं असेल तर नवऱ्याला किंवा बायकोला रक्कम खरी सांगा. कार्टूनवरून घरात भांडण होत नाही, बिल लपवल्यावरून होतं.

पायरी ७ : पावसाळा

गोव्यात हे बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागतं, आणि बाहेरच्या चाहत्यांचे सल्ले इथे कामाचे नाहीत, त्यांच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती घाम गाळत नाहीत.

सॉफ्ट टॉय, स्टिकर, पुठ्ठ्याची खोकी, कॉमिक्स हे सगळं मेच्या शेवटी कोरडं करून झाकणाच्या डब्यात घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातल्या साठवून ठेवल्यात तर त्याच चालतात. पुड्या ओल धरून बसल्या की बदला. मऊ प्लॅस्टिकच्या फिगरचं मात्र उलटं, त्या बंद डब्यात ठेवल्या की त्यातला तेलकट भाग वर येतो आणि चिकट होतात, त्यांना हवा लागते. त्या फळीवर ठेवा पण खाली कागद नाहीतर कापड घाला, मऊ प्लॅस्टिक कडक प्लॅस्टिकवर महिनोन्महिने उभं राहिलं तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि काढताना रंग निघतो. चिकट झालीच तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण थोडासा घालून हलक्या हाताने धुवा, स्पिरिट लावू नका, डोळे-नाक सगळं पुसून जाईल.

सॉफ्ट टॉय पावसाळ्यात धुवायचं नाही म्हणजे नाही. बाहेरून सुकलं असं वाटतं, आत कापूस ओला राहतो आणि आठवड्याने असा कुबट वास सुटतो की ते परत वापरण्यासारखं राहत नाही. पावसात डाग पडला तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली ठेवा. पूर्ण धुणं पाऊस सरल्यावर, उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, मशीनच्या हलक्या फेरीवर, आणि वाळत घालायचं ते सावलीत वाऱ्याला. कडक उन्हात घातलंत तर रंग उडतो, आणि पांढरं प्लॅस्टिक असेल तर पिवळं पडतं. जत्रेतलं सॉफ्ट टॉय मशीनमध्ये घालूच नका, शिवण उसवली की आतलं फोमचं भरण निघून मशीनच्या पाइपमध्ये जाऊन बसतं.